स्फटिकाने आजार बरा होतो का, आणि मग जादू म्हणजे काय?

तुम्ही विचारलं की वहिनीने आईसाठी स्फटिकाची माळ आणली, त्याने शुगर बरी होते म्हणतात, तर यात खरंच काही जादू आहे का. माझ्या घरचंच सांगतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. तीन वर्षांपूर्वी मायने जत्रेत अशीच माळ घेतली अन् विकणाऱ्याने सांगितलं की गोळ्या सुरू असल्या की दगडाची शक्ती लागत नाही. मायने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. कापूस वेचताना पऱ्हाटीचं खुंट अंगठ्याला लागलं होतं, ती जखम काही भरेना, शेवटी तपासलं तर शुगर 400 च्या वर. अंगठा वाचला, पण दीड महिना रोज ड्रेसिंग करताना तिचा चेहरा पाहिला आहे मी. म्हणून आधी हे ऐका, माळ घालायची तर घालू द्या, गोळी एक दिवस पण चुकू देऊ नका.

आता दगडाचं. स्फटिक म्हणजे क्वार्ट्ज, वावरात नांगरताना निघते ती गारगोटी पण त्याच जातीची. जांभळ्या स्फटिकात लोखंडाचा अंश असतो, तो तापवला की पिवळा होतो, अन् बाजारात पिवळा म्हणून मिळतो तो बरेचदा असा तापवलेलाच असतो. क्वार्ट्ज दाबला की त्यात वीज तयार होते हे खरं आहे, 1880 मध्ये क्युरी भावांनी ते दाखवलं, भिंतीवरच्या घड्याळातला बारीक क्वार्ट्ज सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. विकणारे यालाच ऊर्जा म्हणतात, पण घड्याळात सेल टाकावाच लागतो ना, दगड स्वतःहून काही देत नाही. 2001 मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी काही लोकांच्या हातात खरे अन् काहींच्या हातात खोटे स्फटिक दिले, तर झिणझिण्या, गरमी, शांत वाटणं दोन्हीकडे सारखंच.

माय म्हणते, "हातात धरलं की बरं वाटते मले." ते खोटं नाही. स्फटिक हाताची गरमी काचेपेक्षा लवकर ओढून घेतो म्हणून गार लागतो, मे महिन्यात 45 डिग्रीत कपाळाला लावला तर कोणालाही बरं वाटेल.

अन् जादू विचाराल तर लहानपणी लाईन गेली की आजी गोधडीखाली दोन गारगोट्या घेऊन करकर घासायची, दगडाच्या आतून पिवळसर उजेड निघायचा अन् जळक्यासारखा वास यायचा, आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो. घासताना क्वार्ट्ज बारीक तुटतो अन् त्यातून उजेड पडतो हे मला कॉलेजात कळलं, तरी अंगावर काटा आजही तसाच येतो. परवा पोरीला दाखवत होतो तर माय पण गोधडीत शिरली, माळ गळ्यातच होती, गोळी तिने जेवणाआधीच घेतली होती, अन् म्हणे, "अजून एक डाव घास ना बापा."