ब्लूफिशचं कालवण उग्र का झालं?

प्रश्न : काकू, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सँडी हूकच्या किनाऱ्यावर मुलाच्या गळाला हातभर लांब ब्लूफिश लागला. बादलीत घालून संध्याकाळी घरी आणला आणि बांगड्यासारखं कालवण केलं. मांसाचा लगदा झाला, वासानं कुणी जेवलंच नाही. हा मासा खाण्यासारखा असतो का?

उत्तर : असतो तर! इस्तंबूलचे लोक बॉस्फरसमधल्या याच माशाची, लुफेरची, शरद ऋतूत वाट बघत असतात. तुमचं कालवण चुलीवर नाही, बादलीतच बिघडलं.

ब्लूफिश तेलकट, रक्ताळ आणि भयंकर खादाड. बंकर माशांच्या थव्यावर त्यांची झुंड तुटून पडते तेव्हा पाणी आधणासारखं उसळतं आणि अर्धे तोडलेले बंकर वाळूवर येऊन पडतात. असा तुडुंब पोटाचा मासा उन्हात राहिला की आतूनच नासतो.

म्हणून सगळं वाळूवरच उरकायचं. गळ पक्कडीनंच काढा. दात वस्तऱ्यासारखे असतात आणि पाण्याबाहेरही तो चावतो. कल्ल्यांपाशी सुरी मारून रक्त वाहू द्या, पोट साफ करा आणि बर्फ व समुद्राचं पाणी भरलेल्या कूलरमध्ये मासा बुडवा. बर्फ नेला नसेल तर मासा जिवंत सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हात राहिलेल्या माशात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात. तुम्ही जेवला नाहीत ते फार बरं झालं.

घरी कातडं काढलंत की तुकडीच्या मधोमध काळपट लाल पट्टा दिसेल. उग्रपणा त्यातच असतो. तो कापून टाका. मग ओल्या खोबऱ्याचं वाटण, आमसुलं आणि चार-पाच ठेचलेली तिरफळं. तेलकट माशाला तिरफळाशिवाय पर्याय नाही. त्याच दिवशी खा, हा मासा फ्रीझरमध्ये टिकत नाही.

मोठ्या ब्लूफिशच्या चरबीत पीसीबी हे कारखान्यांतलं विषारी रसायन साठतं, म्हणून तो लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका. मुलाला गळ टाकायची हौस आहे ना? मग त्याला ऑगस्टअखेरीस खाडीवर न्या. तेव्हा वीतभर पिल्लं येतात, त्यांना इथे स्नॅपर म्हणतात. रवा लावून अख्खी तळा. मात्र साठा घटल्यामुळे २०२० मध्ये किनाऱ्यावरच्या हौशी गळवाल्यांची मर्यादा दिवसाला माणशी १५ वरून ३ वर आणली होती. यंदाचा आकडा निघण्याआधी बघून घ्या. स्नॅपरही त्याच मोजणीत धरतात.