चहा झाला की पुस्तक

वाचकांचे प्रश्न, निवृत्त क्रीडाशिक्षकाची उत्तरं

या महिन्यात सवयी आणि शिस्त या विषयावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन इथं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण असं पत्र लिहू शकतील अशी पोरं कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी आहेत.

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. मी कसबा बावड्यात राहतो. वय २७. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. ड्युटी आठवड्याला बदलते : फर्स्ट, सेकंड, नाईट. एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची तयारी करतोय. दर पाडव्याला नवं टाईमटेबल करून भिंतीवर लावतो. पहाटे पाचला उठायचं, जोर-बैठका, तीन तास अभ्यास, मोबाईल बंद. सुरुवातीला लई जोशात चालतं. ड्युटी बदलली की एक दिवस चुकतो, मग दुसरा, मग सगळंच सुटतं. २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात, पण माझे २१ दिवस कधी पुरेच होत नाहीत. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघितले की दोन दिवस बरं वाटतं. घरातले म्हणतात, ह्याच्यात जिद्दच नाही. खरंच नाही का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : तुझ्या वयाची पोरं मैदानावर माझ्या हाताखालून गेली, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नको.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं बघू. भट्टीच्या धगीत आठ तास राबणारा आणि आठवड्याला झोपेची वेळ बदलूनही ड्युटी न चुकवणारा माणूस बिनजिद्दीचा कसा असेल? कामावर जाताना तुला कुठला व्हिडिओ बघावा लागतो? तिथं वेळ ठरलेली आहे, पंचिंग आहे, आधीच्या पाळीचा माणूस तू येण्याची वाट बघतोय. अभ्यासाला यातलं काहीच नाही. तो तू नुसत्या जोशावर उभा केलास, आणि जोश कुणाचाच महिनाभर टिकत नाही. घरच्यांना हे पत्र वाचून दाखव.

मी गंगावेशीत वाढलो. तालमीतली पहाट लहानपणापासून जवळून बघितली. लोकांना खासबाग मैदानातली कुस्ती दिसते, टाळ्या आणि शिट्ट्या ऐकू येतात. पहाटे अंधारात उठलेलं पोरगं डोळे चोळत येऊन पहिलं काय करतं, ते कुणी बघत नाही. ते फावडं उचलतं. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती खणून मोकळी करायची असते. खणता खणता झोप उडते, अंग तापतं. तोवर बाकीचे लांग लावून जोर मारायला लागलेले असतात, मग हाही लागतो. आज मेहनत करावी का, मन आहे का, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही स्वतःला विचारत बसत नाही. एखादा आला नाही तर वस्ताद दुसऱ्याला त्याच्या खोलीवर धाडतो. ही सगळी पोरं काही अचाट जिद्दीची नसतात. चांगली आळशी पोरं मी तिथं नेमानं मेहनत करताना बघितली आहेत, आणि तीच पोरं जत्रेला गावाकडं गेली की आठ-आठ दिवस एक बैठक मारायची नाहीत. पोरगं तेच असायचं. गावाकडं फावडं नव्हतं, जोडीदार नव्हता, वस्ताद नव्हता.

तेव्हा तुला या तीन गोष्टी लागतील : पहिलं पाऊल कुठलं ते ठरलेलं, जागा ठरलेली आणि वाट बघणारं कुणीतरी.

तुझ्या टाईमटेबलातली खरी चूक पहाटे पाचची आहे. तुझ्या आयुष्यात पहाटे पाच दर आठवड्याला वेगळी येते. फर्स्टला असताना ती उठायची वेळ असते, सेकंडला असताना तू गाढ झोपेत असतोस, नाईटला असताना साच्यांपुढं उभा असतोस. घड्याळाच्या काट्याला बांधलेला नेम तुझ्या नोकरीत तुटणारच. तिन्ही पाळ्यांत न चुकणारी गोष्ट कोणती? झोपून उठल्यावरचा पहिला चहा. फर्स्टला तो पहाटे, सेकंडला सकाळी, नाईटच्या आठवड्यात दुपारी होतो, पण होतो नक्की. अभ्यास त्या चहाला बांध. कप हातात असतानाच प्रश्नसंच उघडायचा. तो आदल्या रात्री, किंवा झोपायला जाताना, चहा पितोस त्याच जागी काढून ठेवायचा. शोधावा लागला तर मोबाईल आधी हाती येतो.

किती करायचं? पाच प्रश्न. हसू नको. संयुक्त पूर्वपरीक्षेत एका तासात १०० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे पाच प्रश्नांना तीन मिनिटं. मागच्या वर्षांच्या पेपरातले पाच प्रश्न सोडव, उत्तरं ताडून बघ, चुकलं ते का चुकलं याची एक ओळ वहीत लिही. दहा मिनिटांत होतं. फर्स्टच्या घाईतही दहा मिनिटं निघतात. हा रोजचा नेम. सेकंडच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते, तेव्हा त्याच बैठकीचे दोन-तीन तास होऊ देत. साप्ताहिक सुट्टीला अभ्यासिकेत जा. पण तो मोठा अभ्यास झाला नाही म्हणून पाच प्रश्नांना सुट्टी द्यायची नाही. नाईटवरून आल्यावर मात्र पुस्तकाला हात लावू नकोस. खोलीत अंधार कर, फोन गप्प कर आणि आधी झोप काढ. पेंगत वाचलेलं डोक्यात राहत नाही आणि पुढची पाळीही जड जाते.

जोर-बैठका तूर्त बाजूला ठेव. हे एक क्रीडाशिक्षक सांगतोय, म्हणून ऐक. मोल्डिंगच्या कामात अंगाला मेहनत आहे. चार नेम एकदम धरलेस की एक तुटताना बाकीचे तीन घेऊन जातो.

आता ते २१ दिवस. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की चेहऱ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आपल्या नव्या रूपाची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस जातात. त्याचा अभ्यासाशी किंवा व्यायामाशी काही संबंध नव्हता. लोकांनी आकडा तेवढा उचलला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजून बघितलं. ९६ जण, १२ आठवडे. प्रत्येकानं एक नवी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडायची, उदाहरणार्थ न्याहारी झाल्यावर. ती गोष्ट विचार न करता आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४ वर गेला. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला वेळ लागला. आणि तुझ्या कामाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. एक दिवस गेला तर एकच दिवस गेला. तू तिथं पहिल्यापासून मोजायला घेतोस, आणि पहिल्यापासून सुरू करायचा कंटाळा येतो म्हणून सोडतोस.

ड्युटी बदलायच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं बसून पुढच्या आठवड्यात पहिला चहा किती वाजता होणार ते कागदावर लिही. तुम्हा बावडेकरांना हे सांगायला नको. पावसाळ्यात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की वडणग्याला जाणारा माणूस लांबच्या रस्त्यानं वळसा घालून जातो. बंधारा बुडणार हे त्याला जूनमध्येच ठाऊक असतं.

राहिलं वाट बघणारं माणूस. तुझ्या कंपनीत परीक्षेची तयारी करणारा आणखी एखादा नक्की असेल. दोघांनी रोज एकमेकांना एक चुकलेला प्रश्न विचारायचा, समोर नाहीतर फोनवर. तेवढं पुरतं. भिंतीवरचं टाईमटेबल काढ, तिथं कॅलेंडर लाव आणि पाच प्रश्न झाले की तारखेवर फुली मार. गजरासाठी साधं घड्याळ आण. मोबाईलचा गजर बंद करता करता अर्धा तास कुठं जातो ते तुला माहीत आहे.

प्रश्न : वय ५४, गृहिणी. लग्नाआधी गाण्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या होत्या. पुढं सासूबाईंचं आजारपण, मुलांची शिक्षणं यात गाणं सुटलं. आता मुलगी नोकरीला पुण्यात आहे. मोबाईलवर तानपुरा घेतलाय. वेळ मिळेल तेव्हा बसते, पण आठवड्यातून दोन-तीनदाच जमतं. बसले की वरचा सा लागत नाही, आवाज चिरतो, रडू येतं. मग दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटत नाही. या वयात रोजचा रियाज होईल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, होईल. गाण्यातलं मला ऐकण्यापुरतंच कळतं, त्यामुळं गळ्याचं तंत्र तुमच्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा. रोज बसण्याचं मात्र मी सांगू शकतो.

‘वेळ मिळेल तेव्हा’ हे आधी सोडा. बाईमाणसाला घरात वेळ मिळत नसतो, तो बाजूला काढावा लागतो आणि तसं घरात सांगावं लागतं. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना एक काम दिलं होतं : नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते दोन दिवसांत लिहून पाठवा. काहींना आधीच विचारून ठेवलं की कधी आणि कुठं बसून लिहिणार. त्यांच्यात लिहून पाठवणारे दुपटीहून जास्त निघाले. काम तेच, इच्छाही सगळ्यांची सारखीच. तुमच्या घरी रोज पूजा होत असेल. निरांजन ओवाळून झालं की तिथंच, त्याच पाटावर, तानपुरा लावून पंधरा मिनिटं बसा. तेवढा वेळ दारावरची बेल, कुरियर, गॅसवाला, सगळं यजमान बघतील. तसं त्यांना आजच सांगा. ते ऐकतील. माझ्या अनुभवात न ऐकणाऱ्यांपेक्षा कधी कुणी सांगितलंच नाही असे पुरुष जास्त आहेत.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. तुम्ही रोज विशीतल्या स्वतःशी स्पर्धा करताय आणि रोज हरताय. हरायला रोज कोण बसेल? पाळी गेल्यानंतर बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो, तो शरीराचा धर्म आहे. पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या. पहिले काही महिने वरच्या सा कडं फिरकू नका. खर्ज लावा, मध्य सप्तकातले अलंकार म्हणा. कुठल्याही मैदानावर मोठ्या खंडानंतर आलेल्या खेळाडूला मी पहिल्या दिवशी पळायला लावलेलं नाही.

शाहू महाराजांनी आपल्या दरबारात आणलेल्या अल्लादियाँ खाँसाहेबांची हकीकत कोल्हापूरकरांना सांगायला नको, तरी तुमच्यासाठी सांगतो. ऐन उमेदीत गाण्याच्या अति ताणानं त्यांचा आवाज गेला. तो परत आला तेव्हा पहिल्यासारखा राहिला नव्हता. खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी घडवली, आणि पुढं केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेत गायल्या. तुमचा आजचा आवाज तुम्ही अजून नीट ऐकलेलाच नाही. त्याला जुन्या आवाजाची शिक्षा देऊ नका.

घसा बसला आणि दोन-तीन आठवडे सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तो विषय अंगावर काढायचा नसतो.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. फुटबॉलच्या प्रॅक्टिसला न उठवता पहाटे पाचला उठतो, पण अभ्यासाला दहा हाका मारल्या तरी बसत नाही. फुटबॉल बंद केलं तर शिस्त लागेल का?
– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, बंद करू नका. पेठेतल्या पोराचं फुटबॉल बंद करून अभ्यास वाढल्याचं मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकदाही बघितलं नाही. घरात भांडण तेवढं वाढतं.

तो पाचला उठतो म्हणजे शिस्त त्याच्यात आहेच. खिडकीखाली मित्राची हाक येते, बूट दाराशी असतात, मैदानावर संघ थांबलेला असतो. अभ्यासालाही तसाच सोबती द्या. प्रॅक्टिस झाली, आंघोळ आणि न्याहारी झाली, की संघातला एखादा मित्र त्याच्यासोबत तुमच्याच घरी अर्धा तास गणितं सोडवायला बसू दे. दोघांना पोहे द्या. गणित कुठलं, किती, ते त्यांना ठरवू द्या, आणि तुम्ही त्या वेळात आतल्या खोलीतून हाक मारू नका. सामने सुरू असतील त्या आठवड्यात अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं झाली तरी चालतील, बसणं चुकू नये. मार्कांविषयी सहामाहीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. निकाल लागला की मला कळवा.