सासऱ्यांना जुलाबाची गोळी रोज द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सासरे, म्हणजे आप्पा, 74 वर्षांचे, पारोळ्याकडे गावी राहतात, बीपीची गोळी चालू आहे आणि अलीकडे रक्तवाढीच्या गोळ्याही सुरू झाल्यात. पोट साफ होण्यासाठी रात्रीचं चूर्ण वर्षानुवर्षांचं, आता एका चमच्याचे दोन झाले तरी समाधान नाही, म्हणून मेडिकलमधून बिसॅकोडिलची गोळी आणली. ती रोज द्यावी का, असं विचारलंय. रोज देऊ नका. मी फार्मसिस्ट आहे, इकडेच खान्देशात काउंटरवर उभी असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे सकाळी येणारी म्हातारी माणसं थेट म्हणतात, "पोट साफ व्हत नही, जोरनी गोयी दे ताई." मी आधी विचारते, काल काय घेतलं होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं की काल गोळी घेतली, चांगलं तीन-चारदा झालं, आज मात्र काहीच नाही. अहो, आज होणार कुठून? जुलाबाने आतडं बरंच रिकामं झालेलं असतं. ते पुन्हा भरून शौचाची भावना यायला एक-दोन दिवस, कधी तीनही लागतात. ही वाट न बघता माणूस दुसऱ्याच रात्री परत गोळी घेतो, आणि सवय इथूनच लागते. शौचाला रोज झालंच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंत सगळं नॉर्मल धरतात. खडा नको, फार कुंथावं लागू नये, एवढं बघायचं. आप्पांना हे आधी शांतपणे समजावून सांगा, कारण निम्मी भीती तिथेच आहे.

आता चूर्णाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक अशा चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी आणि बिसॅकोडिल दोन्ही आतड्याला चाळवून काम करतात, सहा ते बारा तासांत. म्हणजे तुम्ही चूर्णावर गोळी दिलीत तर एकाच जातीची दोन औषधं झाली. पोटात मुरडा येतो, अंगातलं पाणी आणि पोटॅशियम उतरतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी खाली जातं, आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होऊ शकतो. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा 45 च्या आसपास. अशा उन्हात जुलाब झालेला म्हातारा माणूस रात्री संडासला उठताना चक्कर येऊन पडतो, आणि मग खुब्याच्या हाडाचं दुखणं मागे लागतं.

बिसॅकोडिल अडीअडचणीला वाईट नाही. रात्री एक गोळी, अखंड गिळायची, चावायची किंवा कुटायची नाही. गोळीवरचं आवरण ती जठरात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून असतं. दुधासोबत किंवा अँटासिडसोबत (आम्लपित्ताच्या औषधासोबत) घेतली तर ते आधीच विरघळतं आणि पोटात मळमळ, कळा सुरू होतात. आपल्याकडे झोपताना गरम दूध आणि त्यासोबतच गोळी ही पद्धत घरोघरी आहे, ती मोडाच.

नेहमीसाठी लागणारच असेल तर डॉक्टरांना विचारून मलात पाणी धरून ठेवणारं औषध घ्या: लॅक्टुलोजचं सिरप किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर. ही सावकाश लागू होतात, एक ते तीन दिवस. पहिल्या रात्री फरक नाही म्हणून मात्रा वाढवू नका. लॅक्टुलोजने सुरुवातीला गॅस होतो. इसबगोल चांगलं आहे, पण ते पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि दिवसभर पाणी पोटात जायला हवं. पाण्याशिवाय ते आतच गोळा होऊन अडकतं. आप्पा पाणी कमी पीत असतील, गिळताना ठसका लागत असेल तर इसबगोल नको. मिल्क ऑफ मॅग्नेशिया किडनीची तपासणी झाल्याशिवाय देऊ नका. पॅराफिनचं पांढरं औषध माणूस आडवा पडलेला असताना कधीच देऊ नये, ते फुप्फुसात उतरू शकतं. एरंडेलाचं नाव या वयात काढूच नका.

पण मला खरा संशय रक्तवाढीच्या गोळ्यांवर आहे. लोहाच्या गोळ्यांनी मल घट्ट आणि काळपट होतो, आणि तुमची तक्रार वाढली तीही त्याच सुमाराला. ती गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टर मात्रा किंवा प्रकार बदलून देतील. कॅल्शियम, काही बीपीच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची औषधं यांनीही असंच होतं. रक्त कमी का झालं, हेही त्यांना विचारा. या वयात रक्त कमी होणं आणि शौचाची सवय बदलणं एकत्र आलं तर आतड्याची तपासणी लागू शकते.

आणखी एक गोष्ट, जी घरात हमखास चुकते. अनेक दिवस साफ झालं नाही आणि मग अचानक पातळ, थोडं थोडं, कपड्यांना लागेल असं होऊ लागलं, तर तो जुलाब समजून बंदची गोळी देऊ नका. आत खडा अडकून त्याच्या बाजूने पाणी पाझरत असू शकतं. ते डॉक्टरांनी तपासल्यावर कळतं. पोट फुगलंय, उलटी होतेय, वायूही सरत नाही, जोराची कळ आहे किंवा मलात रक्त आहे, अशा वेळी कोणतंही रेचक न देता तसंच दवाखान्यात न्या.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि भरीत चालूच ठेवा, शेव-भाजीचा रस्सा जरा कमी. सकाळी चहा-न्याहारीनंतर दहा-पंधरा मिनिटांनी बसवा, कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट द्या. पाणी वाढवण्याआधी हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नाही ना, एवढं विचारून घ्या.

उद्या डॉक्टरांकडे जाताना चूर्णाच्या डबीसकट घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. बीपीच्या गोळीचं नाव आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट असेल तर तो आकडा इथे टाका, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.