वाचकांचे प्रश्न : जपानमधला पहिला आठवडा

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे आणि पहिल्यांदाच एकटी जपानला जातेय. सात दिवसांत टोकियो, क्योटो आणि जमलं तर हिरोशिमा पाहायचं आहे. सगळे जेआर पास (जपान रेल्वेच्या गाड्यांत ठरावीक दिवस हवा तितका प्रवास करू देणारा पास) घ्यायला सांगतात. घेऊ का?

उत्तर : नको. हा सल्ला जुन्या दरांवरचा आहे. सात दिवसांचा साधा पास पूर्वी २९,६५० येनला मिळायचा, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो एकदम ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योटो नोझोमी या बुलेट ट्रेनचं आरक्षित तिकीट साधारण १४,००० येनला पडतं. टोकियो-क्योटो-हिरोशिमा-टोकियो असा पूर्ण फेरा केलात तरी खर्च पन्नास हजारांच्या आतच राहतो. शिवाय सगळ्यात वेगवान असलेल्या नोझोमीसाठी पासधारकांना वर आणखी पैसे भरावे लागतात. तेव्हा सुटी तिकिटंच काढा.

तिकीट काढताना दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे सीट. क्योटोकडे जाताना साध्या डब्यात 'ई' सीट मागा. टोकियो सुटल्यावर पाऊण तासाच्या आसपास, शिन-फुजी स्टेशनच्या जवळ, उजव्या खिडकीतून फुजी पर्वत दिसतो. हिवाळ्यातल्या सकाळी तो स्वच्छ दिसण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट बॅग. चाकं आणि हँडल धरून लांबी, रुंदी, उंची मोजा आणि तिन्हींची बेरीज करा. ती १६० सेंटीमीटरच्या वर गेली, तर डब्यातल्या शेवटच्या रांगेची, मागे बॅग ठेवायला जागा असलेली सीट आरक्षित करावी लागते. त्याचे जादा पैसे नाहीत. पण आरक्षण न करता तशी बॅग घेऊन चढलात, तर १,००० येन भरावे लागतात. याहून सोपं म्हणजे मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्युबिन सेवेनं पुढच्या हॉटेलला पाठवून द्यायची. ती साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा.

प्रश्न : सुईका कार्ड (आधी पैसे भरून स्टेशनच्या गेटवर टॅप करायचं कार्ड) असलं की सगळीकडे चालतं ना?

उत्तर : शहरांत चालतं, पण एकाच प्रवासात कार्डाच्या एका विभागातून दुसऱ्यात जाता येत नाही. टोकियोत कार्ड टॅप करून साध्या गाडीनं त्या विभागाच्या हद्दीवरच्या अटामी स्टेशनच्या पुढे उतरलात, तर गेट उघडत नाही. तिथल्या कर्मचाऱ्याकडे भाडं भरा आणि कार्डावरची प्रवेशाची नोंदही मिटवून घ्या. ती तशीच राहिली, तर पुढच्या स्टेशनवर कार्ड पुन्हा अडतं. लांबच्या प्रवासाला कागदी तिकीट बरं.

प्रश्न : क्योटोतल्या बसना भयंकर गर्दी असते म्हणे. मग फिरायचं कसं?

उत्तर : जिथे रेल्वे जाते तिथे बस घेऊच नका. फुशिमी इनारी या डोंगरावरच्या देवस्थानाला जायला क्योटो स्टेशनवरून नारा लाइनची लोकल पकडा, इनारी हे दुसरंच स्टेशन. रॅपिड गाडी तिथे थांबत नाही आणि घाईत नेमके तिच्यातच लोक बसतात. हे देवस्थान चोवीस तास उघडं आणि विनाशुल्क आहे, म्हणून सकाळी सातच्या आत पोहोचा. पायथ्याशी गर्दी असली तरी चढत राहा, वर माणसं विरळ होत जातात. पूर्ण फेरीला दोन-तीन तास ठेवा. कियोमिझु-देरा हे मंदिरही सकाळी सहालाच उघडतं. ही दोन ठिकाणं एकाच सकाळी उरकायचा मोह टाळा, दोन्हीकडे भरपूर चढ आहे.

किंकाकु-जी या सोनेरी मंदिराला जायला मात्र बसशिवाय सोय कमी. शहरातल्या बसमध्ये मागच्या दारानं चढायचं, पुढून उतरायचं आणि उतरतानाच २३० येन द्यायचे. पैसे टाकायची पेटी सुटे परत देत नाही. शेजारच्या यंत्रात आधी नोट मोडून घ्या, तीही आपला थांबा येण्यापूर्वी.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. भाज्यांचं सूप, नूडल्स चालतील?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. मिसो सूप आणि उदोन, सोबा या नूडल्स यांचा रस्सा दाशीवर, म्हणजे उकळून काढलेल्या अर्कावर करतात आणि दाशीत सहसा वाळवलेला बोनिटो मासा असतो. वर एकही तुकडा दिसत नाही, म्हणून फसायला होतं. ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. मासा आणि दाशीही नको, हे जपानीत लिहिलेली चिठ्ठी दाखवा. दुकानातल्या ओनिगिरीच्या, म्हणजे भातगोळ्याच्या, वेष्टणावरची घटकांची यादीही फोनच्या कॅमेऱ्यानं वाचून घ्या, कारण उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, भरलेल्या भातगोळ्यातही कधीकधी बोनिटो असतो. एखादं जेवण निवांत करायचं असेल तर शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं मांस-माशाविना जेवण, घ्या. क्योटोतल्या अराशियामा भागातल्या तेनर्यू-जी मंदिराच्या आवारात ते मिळतं, आधी नोंदणी करून जा.