कॉलेजच्याच डिझाइन-छपाई विभागाकडून पत्रिका, स्मरणिका करून घ्यावी की बाहेरच्या प्रेसमधून?

सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या डिझाइन आणि छपाई विभागात मी गेली सोळा वर्षं काम करते. तुम्ही लिहिलंय की कॉलेजात नवीन आहात, जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, स्मरणिका आणि बॅनर तुमच्या गळ्यात पडलंय, आणि सहकारी सांगतात, "आपल्या विभागात दिलं की वेळ लागतो, बाहेरूनच करून घ्या." माझं मत विचाराल तर डिझाइन आतच करून घ्या. छपाईचं कामाप्रमाणे ठरवा, ते पुढे सांगते. आधी वेळ का लागतो ते ऐका.

मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, पक्कं नसतं म्हणून वेळ लागतो. पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी येतो. सेटिंग झालं की अध्यक्ष बदलतात, मग पाहुण्यांच्या नावामागचं 'डॉ.' राहिल्याचं आठवतं, मग कुणाचं तरी नाव वर घ्यायचं असतं. एक नाव वर घेतलं की खालच्या सगळ्या ओळी हलतात आणि अख्खी पत्रिका पुन्हा जुळवावी लागते. त्यात तीन जणांनी तीन फोन करून तीन दुरुस्त्या सांगितल्या की शेवटची कुठली, हे आम्हाला कळायला मार्ग नसतो. तेव्हा मजकूर एका कागदावर घ्या, प्राचार्यांची त्यावर सही घ्या आणि मगच विभागात जा. पुढच्या दुरुस्त्या फक्त तुम्ही सांगायच्या, दुसऱ्या कुणीही नाही. एवढं केलंत तर पत्रिका दोन दिवसांत हातात पडते, हे मी अनुभवाने सांगते.

फॉन्टचंही सांगते, कारण इथे बरेच जण अडकतात. मोबाइलवर किंवा वर्डमध्ये आपण टाइप करतो ते युनिकोड. बऱ्याच विभागांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत काम चालतं, आणि पानं जुळवायच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरला तर युनिकोड समजतच नाही. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. म्हणून मजकूर टाइप करून द्याच, पण त्याची छापील प्रतही सोबत द्या. ऑपरेटरला मूळ शब्द काय होता ते समोर दिसलं पाहिजे.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते आकसून येतात. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे ए४ पानाच्या पूर्ण रुंदीत लावायच्या फोटोला आडवे सुमारे २,४८० पिक्सेल हवेत. बॅनर लोक लांबून बघतात, त्यामुळे तिथे कमी चालतं. संस्थेचं बोधचिन्ह डीपीवरून उचलून देऊ नका. मूळ फाइल विभागातच असते, आणि डिझाइन आत करण्याचा मोठा फायदा हाच. चिन्हाचा नेमका रंग, संस्थेच्या पूर्ण नावातलं शुद्धलेखन, कुणाच्या नावापुढे कुठली पदवी, हे सगळं तिथे वर्षानुवर्षं सांभाळलेलं असतं. बाहेरच्या प्रेसला ते दरवेळी पहिल्यापासून सांगावं लागतं.

आता प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट सांगते. १२ जानेवारी हा आपल्या सोलापूरचा हुतात्मा दिन. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली गेली. एका वर्षी अभिवादनाच्या कार्यक्रमाचं पोस्टर मी केलं. प्रूफ मोबाइलवर पाठवलं, तिघांनी पाहिलं, तिघांनीही होकाराचा अंगठा पाठवला. छपाईआधी सवयीने एक प्रत कागदावर काढून टेबलावर ठेवली होती. बायंडिंगचे मामा खळीचा हात पुसत आले आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. चौथ्या नावावर बोट थांबलं. "ताई, इथं काना पडलाय का?" 'सारडा'मधला 'सा'चा काना गळला होता आणि फाशी गेलेल्या माणसाच्या आडनावाचा 'सरडा' झाला होता. ते पोस्टर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ लागायचं होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तेव्हापासून कागदावर प्रत काढल्याशिवाय आणि मजकूर आधी न पाहिलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय मी एकही काम मशीनवर चढवलेलं नाही. तुम्हीही विभागाकडे छापील प्रूफच मागा, वाचा, आणि सही व तारीख घालून परत द्या.

सोलापुरात पत्रिकेवर किंवा कमानीवर कानडी, तेलुगू, उर्दू ओळ बऱ्याचदा असते. ती लिपी येणाऱ्या माणसाने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ऑपरेटरला ते अक्षर म्हणजे नुसतं चित्र असतं. उर्दू बहुधा इनपेज या उर्दूच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवतात. जिथे जुळवलं तिथूनच पीडीएफ आणा.

आत काय छापायचं? शंभर-दोनशे पत्रिका, प्रमाणपत्रं, कार्यक्रमपत्रिका, नावाच्या पाट्या हे सगळं आतल्या डिजिटल मशीनवर निघतं. हजार-दोन हजार प्रतींची रंगीत स्मरणिका ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा करून छापायच्या मशीनवर, परवडते. चार रंगांच्या चार प्लेटा कराव्या लागतात, तो खर्च शंभर प्रतींवर जड जातो आणि दोन हजारांवर जाणवतही नाही. आत ऑफसेट नसेल तर ती बाहेर द्या. मोठा फ्लेक्स आणि सोनेरी फॉइलही बाहेरच. पण फाइल विभागाकडूनच तयार करून न्या, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे तिथे फॉन्ट नसला तरी बदलणार नाहीत अशा आकारांत करून) आणि चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग सोडून. नाहीतर कटिंगला कडेला पांढरी रेघ राहते.

स्मरणिका मध्ये पिन मारून करणार असाल तर पानं चारच्या पटीत येतात. मजकूर २२ पानांचा झाला तर २४ होणारच, उरलेल्या दोन पानांचं आधीच ठरवून ठेवा. आतली पानं ८० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, चांगली वाचता येतात. चकचकीत आर्ट पेपरचा हट्ट फोटोंच्या पानांपुरता ठेवा. मजकुरावर उजेड चमकतो आणि ज्येष्ठ मंडळींना वाचताना त्रास होतो.

शेवटचं, तारखांचं. जानेवारीत हुतात्मा दिन, सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांत आणि २६ जानेवारी पाठोपाठ येतात. स्नेहसंमेलनंही तेव्हाच. विभागात सगळ्यांची कामं एकदम येऊन पडतात, आणि यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत गावात रस्ते बंद असल्याने बाहेरच्या प्रेसमधून गठ्ठे आणणंही अवघड होतं. स्मरणिकेचं मॅटर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, पत्रिकेचं डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. आणि काम द्यायच्या आधी एकदा रिकाम्या हाताने विभागात जा, मागच्या वर्षीची पत्रिका मागून घ्या आणि ती करताना कुठे अडलं होतं ते तिथल्या माणसाला विचारा. तो भडाभडा सगळं सांगेल, कारण आम्हाला हे सहसा कुणी विचारतच नाही.