आल्वा मिर्डाल: बालवाडीपासून अणुचाचणीबंदीपर्यंत

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. प्रबंधासाठी तुम्हाला स्वीडनच्या समाजसुधारक आणि मुत्सद्दी आल्वा मिर्डाल हा विषय सुचवला गेलाय, पण बालसंगोपन, लोकसंख्या, युनेस्को, दिल्लीतलं राजदूतपद आणि निःशस्त्रीकरण या सगळ्यांना जोडणारा धागा तुम्हाला सापडत नाही. शिवाय ही पदं नवऱ्याच्या नावावर मिळाली असावीत, अशी शंका आहे. आधी शंकेचं बघू, कारण ती दूर झाली की धागाही दिसायला लागतो.

गुन्नार मिर्डाल यांचं नाव आपल्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. १९७४ चं अर्थशास्त्राचं नोबेल, शिवाय दक्षिण आशियाच्या दारिद्र्यावरचा 'एशियन ड्रामा' हा तीन खंडांचा ग्रंथ. त्यामुळे आल्वांचा उल्लेख बहुतेक वेळा 'त्यांच्या पत्नी' असाच येतो. पण तारखा बघा. आल्वा स्वीडनच्या राजदूत म्हणून दिल्लीत आल्या १९५५ साली. गुन्नार तेव्हा जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे प्रमुख होते. ते पद सोडून ते दिल्लीकडे वळले १९५७ मध्ये, आणि 'एशियन ड्रामा'चं काम तिथूनच सुरू झालं. म्हणजे बायकोच्या नेमणुकीमुळे नवऱ्याला त्याच्या उत्तरायुष्यातला सगळ्यात मोठा विषय मिळाला. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता सुरुवातीपासून. जन्म ३१ जानेवारी १९०२, उप्सालाचा. माहेरचं आडनाव राइमर. वडील बांधकाम व्यावसायिक आणि पक्के सोशल डेमोक्रॅट. एस्किल्स्टूनात, जिथे त्या वाढल्या, तिथे मुलींना पुढच्या शाळेत प्रवेशच नव्हता. मुलींसाठी वेगळा वर्ग निघावा म्हणून वडिलांनी खटपट केली, तेव्हा कुठे आल्वांचं शिक्षण पुढे सरकलं. तोवर त्या कचेरीत कारकुनी करत होत्या. १९२४ मध्ये पदवी आणि त्याच वर्षी गुन्नारशी लग्न.

१९३४ साली दोघांनी मिळून लोकसंख्येच्या पेचावर एक पुस्तक लिहिलं आणि स्वीडनमध्ये खळबळ उडाली. जन्मदर घसरत चालला होता. बायकांनी घरी बसावं, संततिनियमनावर बंधनं असावीत, हा सनातनी मंडळींचा उपाय. मिर्डाल दांपत्याने प्रश्नच फिरवला. मूल झालं की घर अपुरं पडतं, बाईची नोकरी जाते, खर्च वाढतो, मग लोक मुलं होऊ देतील कशाला? तेव्हा हा खर्च समाजाने वाटून घ्यावा: बाळंतपणाची मोफत सोय, शाळेत जेवण, परवडणारी घरं, पाळणाघरं. पुढच्या पाच वर्षांत यातलं बरंचसं कायद्यात आलं. लग्न किंवा गरोदरपणाचं कारण देऊन बाईला कामावरून काढता येणार नाही, हा कायदा १९३९ चा. आल्वा नुसतं लिहून थांबल्या नाहीत. १९३५ मध्ये स्टॉकहोमच्या कुंग्सहोल्मेन भागात वास्तुविशारद स्वेन मार्केलियस यांच्याबरोबर त्यांनी सामाईक स्वयंपाकघर आणि पाळणाघर असलेली इमारत उभी करवली, आणि १९३६ मध्ये बालवाडी शिक्षिकांसाठी प्रशिक्षण संस्था काढून ती स्वतः चालवली.

याच काळातली काळी बाजू प्रबंधातून गाळू नका. त्या पुस्तकात काही लोकांच्या नसबंदीचं, प्रसंगी सक्तीच्या नसबंदीचंही, समर्थन आहे. १९३४ च्या कायद्यापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्वीडनमध्ये साठ हजारांहून जास्त माणसांची नसबंदी झाली. त्यात बायका बहुसंख्य होत्या, आणि अनेकींची संमती नावापुरती होती. कायदा एकट्या मिर्डालांनी केला नाही, त्याला जवळपास सगळ्या पक्षांचा पाठिंबा होता. पण विचाराला प्रतिष्ठा देणाऱ्यांत हे दोघे होते. आणीबाणीतल्या नसबंदीच्या आठवणी ज्या देशात अजून जिवंत आहेत, तिथल्या अभ्यासकाने यावर स्पष्ट लिहायलाच हवं. माणसांचे प्रश्न मोजून, आखून सोडवता येतात हा आल्वांचा विश्वास होता. तो कुठे घसरू शकतो, हे इथे दिसतं.

आणि तुम्ही शोधताय तो धागाही माझ्या मते हाच. जिथे बाकीचे नीती आणि भावना यांवर भांडत असतात, तिथे आल्वा विचारतात: नेमकं काय मोजायचं, कोणी मोजायचं, आणि त्यासाठी कोणती संस्था लागेल? बालवाडीबाबतचा हाच प्रश्न पुढे त्यांनी अणुस्फोटांबाबत विचारला.

मधला टप्पा थोडक्यात सांगतो. १९४९ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या सामाजिक व्यवहार विभागाच्या प्रमुख झाल्या; तोवर संयुक्त राष्ट्रांत इतक्या वरच्या पदावर कुठलीही स्त्री पोचली नव्हती. त्यासाठी धाकट्या दोन्ही मुली आणि नवरा जिनिव्हात, आणि आल्वा न्यूयॉर्कला, अशी ताटातूट झाली. थोरला मुलगा यान याने पुढे बालपणावर लिहिलं, त्यात आईवडिलांविषयी बराच कडवटपणा आहे. १९५० ते ५५ त्या पॅरिसला युनेस्कोत सामाजिक शास्त्रांच्या विभागाच्या संचालक होत्या.

मग दिल्ली. स्वीडनने परदेशातल्या दूतावासाचं प्रमुखपद एखाद्या स्त्रीकडे देण्याची ही पहिलीच वेळ. ब्रह्मदेश आणि सिलोनही त्यांच्याचकडे होते. परराष्ट्र खात्यात पायरी-पायरीने चढलेल्या त्या नव्हत्या, त्यामुळे नुसत्या मेजवान्या आणि औपचारिक भेटींवर त्यांचं समाधान होणं शक्य नव्हतं. नेहरूंशी त्यांची मैत्री जमली, आणि १९५७ मध्ये नेहरू स्वीडनच्या दौऱ्यावरही गेले. चाणक्यपुरीतली स्वीडनच्या दूतावासाची वास्तू त्यांच्याच कारकिर्दीतली. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. स्वीडन लष्करी गटांबाहेर राहिलेला श्रीमंत देश, भारत अलिप्ततावादी गरीब देश. महासत्तांच्या भांडणात दोघांनाही बाजू घ्यायची नव्हती, आणि गप्पही बसायचं नव्हतं. ही समज आल्वांना दिल्लीतल्या सहा वर्षांत आली आणि पुढे जिनिव्हात उपयोगी पडली.

१९६१ मध्ये त्या परतल्या. परराष्ट्रमंत्री एस्टेन उंदेन यांनी त्यांच्यावर निःशस्त्रीकरणाचं काम सोपवलं. १९६२ मध्ये त्या संसदेत आल्या आणि त्याच वर्षी मार्चमध्ये जिनिव्हात अठरा राष्ट्रांची निःशस्त्रीकरण समिती बसली. पाच पाश्चात्त्य देश (त्यातला फ्रान्स आलाच नाही), पाच सोव्हिएत गटातले, आणि आठ कुठल्याही गटात नसलेले. या आठांत स्वीडन, भारत, मेक्सिको, इजिप्त, ब्रह्मदेश हे होते. आल्वा तिथे १९७३ पर्यंत स्वीडनच्या प्रमुख प्रतिनिधी राहिल्या; १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तर निःशस्त्रीकरण खात्याच्या मंत्री म्हणून.

अणुचाचण्यांवर बंदी आणण्यातला तिढा असा होता. हवेतला, पाण्यातला, अवकाशातला स्फोट दुरूनही कळतो. भूमिगत स्फोट भूकंपासारखे धक्के देतो, म्हणून तो स्फोट की भूकंप हे दुरून ओळखणं अवघड. अमेरिका म्हणे, प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी हवी; रशिया म्हणे, ही हेरगिरी. १९६३ च्या सुरुवातीला वाद आकड्यावर येऊन अडला: वर्षाला दोन-तीन तपासण्या की सात? आठ देशांनी एप्रिल १९६२ मध्येच संयुक्त निवेदन दिलं होतं, की देशोदेशी असलेली निरीक्षण केंद्रं वापरा आणि शास्त्रज्ञांचा आंतरराष्ट्रीय आयोग नेमा. आल्वांनी पुढे भूकंपमापनाची माहिती देशांनी एकमेकांना द्यावी अशी योजना मांडली. ज्या देशावर संशय येईल त्याने स्वतःच खुलासा करावा किंवा निरीक्षकांना बोलवावं, ही कल्पनाही स्वीडनचीच. हागफोर्सला स्वीडनने स्वतःची भूकंपमापन वेधशाळा उभारली. तुमच्या यंत्रांना जे ऐकू येतं ते आम्हालाही येतं, असं महासत्तांना तोंडावर सांगण्याची ताकद छोट्या देशाला त्यातून मिळाली. माझ्या मते हे आल्वांचं सगळ्यात मोठं काम.

तरीही ऑगस्ट १९६३ चा अणुचाचणीबंदी करार भूमिगत चाचण्या वगळूनच झाला, आणि त्या पुढची अनेक वर्षं चालू राहिल्या. आल्वांना हे लागलं. महासत्ता निःशस्त्रीकरणाचा खेळ मांडतात, हा आरोप त्यांनी १९७६ च्या पुस्तकात नावानिशी केला.

आपल्याकडे दरवर्षी शस्त्रआयातीच्या आकड्यांसोबत 'सिप्री'चं नाव छापून येतं. ही स्टॉकहोमची शांतता-संशोधन संस्था १९६६ मध्ये निघाली. तिची आखणी करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष आल्वा होत्या आणि संस्थेच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. गुन्नार तिथे अध्यक्ष झाले ते त्यांच्यानंतर.

१९८२ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार त्यांना मेक्सिकोच्या आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्याबरोबर विभागून मिळाला. रोब्लेस म्हणजे लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त करणाऱ्या कराराचे शिल्पकार. आल्वा तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. १ फेब्रुवारी १९८६ ला, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, त्या गेल्या.

प्रबंधासाठी संपूर्ण आयुष्य घेऊ नका, पसारा आवरणार नाही. १९६५ ते ६८ एवढाच काळ घ्या. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर जिनिव्हात भारताचे प्रतिनिधी व्ही. सी. त्रिवेदी आणि आल्वा मिर्डाल यांची तक्रार बरीचशी सारखी होती: ज्यांच्याकडे बॉम्ब नाही त्यांच्यावरच सगळी बंधनं का? शेवटी स्वीडनने १९६८ मध्ये सही केली आणि स्वतःचा बॉम्ब बनवण्याचा पर्याय सोडून दिला. भारताने सही नाकारली. समितीची शब्दशः इतिवृत्तं अभ्यासकांना खुली आहेत. दोघांची भाषणं शेजारी ठेवून वाचा आणि वाटा नेमक्या कुठे फुटल्या ते शोधा. चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये केलेला पहिला अणुस्फोट त्या शोधात आधी हाताळावा लागेल.