नेट नसताना क्लाउडवरच्या एन्क्रिप्टेड फाइल्स उघडता येतात का?

तुमचा प्रश्न असा: क्रिप्टोमेटर या फाइल्सना कुलूप लावणाऱ्या (एन्क्रिप्ट करणाऱ्या) ॲपचा व्हॉल्ट, म्हणजे कुलूपबंद फोल्डर, वनड्राइव्ह क्लाउडवर ठेवलाय, नेट गेलं तर आतले कागद मिळतील का?

मिळतील, पण व्हॉल्टच्या फाइल्स लॅपटॉपवर पूर्ण उतरलेल्या असल्या तरच. कुलूप उघडायचं काम क्रिप्टोमेटर तुमच्याच मशीनवर करतो, पासवर्ड तपासायला कुठल्या सर्व्हरकडे जात नाही. नेट लागतं ते फाइल आणायला.

हा फरक मला जुलै 2021 च्या पुरात कळला. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहतो. पाणी दारात यायच्या आत वडिलांना घेऊन राजारामपुरीत आत्याकडे गेलो. गडबडीत त्यांची औषधाची चिठ्ठी घरीच राहिली. स्कॅन व्हॉल्टमध्ये आहे म्हणून मी निर्धास्त होतो. रात्री रेंज गेली. लॅपटॉपवर पासवर्ड घातला, व्हॉल्ट उघडला, ‘बाबा औषधे’ हे फाइलचं नावही दिसलं. क्लिक केलं तर नुसतं गोल फिरत राहिलं. सकाळी मेडिकलमध्ये बाबा सांगत होते, “पांढरी, बारकी, रात्री अर्धी घेतो.” एवढ्यावर हृदयाची गोळी कोण देणार? दुकानदाराचं बरोबरच होतं.

झालं होतं असं की जागा वाचवायला वनड्राइव्ह लॅपटॉपवर फक्त नावं ठेवतो, मजकूर वरच राहतो. म्हणून व्हॉल्टच्या अख्ख्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. आतल्या एकेक फाइलचा नाद करू नका, वनड्राइव्हच्या फोल्डरात त्यांची नावं एन्क्रिप्टेड दिसतात, कुठली कशाची ते कळत नाही. ढगाचं चिन्ह म्हणजे फाइल वरच आहे. पांढऱ्यावर हिरवी टिक म्हणजे सध्या खाली आहे, पण जागा कमी पडली की परत वर जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक दिसली की काम झालं. गूगल ड्राइव्ह असेल तर ‘स्ट्रीम’ऐवजी ‘मिरर’ ठेवा.

‘मास्टरकी’ नावाची छोटी फाइलही त्याच फोल्डरात असते. ती नसेल तर नुसत्या पासवर्डने व्हॉल्ट उघडत नाही. अशा वेळी व्हॉल्ट परत मिळवायला लागते ती क्रिप्टोमेटरची 44 शब्दांची रिकव्हरी की कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकाकडे ठेवा. आणि व्हॉल्टचा पासवर्ड नेटवरच उघडणाऱ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असेल तर तोही वेळेला मिळणार नाही, हे कृपया आजच बघा.

मोबाइलचं वेगळं आहे. अँड्रॉइडवर क्रिप्टोमेटरला क्लाउड जोडलेलं असेल तर तो फाइल नेटवरून आणतो. मी व्हॉल्टची एक प्रत फोनच्या मेमरीत ठेवलीय आणि ॲपमध्ये लोकल स्टोरेज म्हणून जोडलीय. ही प्रत आपोआप अपडेट होत नाही, नवा कागद आला की पुन्हा टाकावी लागते.

आमच्याकडे पंचगंगेच्या पुराची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तिथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. मी त्याची वाट बघत नाही. जून लागला की लॅपटॉप आणि फोन दोन्हींचं वाय-फाय, डेटा बंद करतो, दोन्ही रीस्टार्ट करतो आणि बाबांची चिठ्ठी, विम्याची पॉलिसी, सातबारा उघडून शेवटच्या पानापर्यंत बघतो. तुम्हीही आज रात्री एकदा करून बघा. कुठे अडलं तर इथेच लिहा, मी उत्तर देईन.